युद्ध कोणत्या उंचीवरून पाहिले? : युद्धग्रंथांच्या निवडीविषयी काही विचार

प्रस्तावना

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत सैन्यभरतीची तयारी करणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. ते राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकडीत दाखल होतात, पहाटे मैदानावर धावतात आणि कधीतरी ग्रंथालयात येऊन सैन्यावरचे एखादे चांगले पुस्तक मागतात. अशा वेळी त्यांच्या हाती सामान्यतः दोनच गोष्टी दिल्या जातात : भरतीपरीक्षेची मार्गदर्शिका किंवा वीरांची गौरवगाथा. दोन्हींचा उपयोग आहे. तथापि, जिथे आपण जाणार तिथे नेमके काय असते, हा त्या विद्यार्थ्याचा खरा प्रश्न दोन्हींत अनुत्तरितच राहतो. २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली शिपायाची प्रारंभिक सेवा चार वर्षांची झाली आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच कायम ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास त्या तरुणाला पूर्वीपेक्षा कमी अवधी उरला आहे. त्याला कोणते पुस्तक द्यावे याचा विचार अध्यापकाने गांभीर्याने करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

युद्धग्रंथाची पारख त्यातील शौर्याच्या प्रमाणावरून करता येत नाही आणि त्यातील युद्धविरोधाच्या तीव्रतेवरूनही करता येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. लेखक युद्धाकडे कोणत्या उंचीवरून पाहतो आहे आणि त्या उंचीवरून काय दिसत नाही याची त्याला कितपत जाणीव आहे, हा निकष अधिक टिकाऊ आहे. नकाशावर बोट ठेवणाऱ्या सेनापतीला डिव्हिजन दिसते. खंदकातल्या शिपायाला शेजारचा शिपाई दिसतो. वेढ्यात सापडलेल्या गृहस्थाला घरातले धान्य आणि दाराची कडी दिसते. यांपैकी कोणीही खोटे बोलत असेल असे नाही. पण एकाच्या जागेवरून दुसऱ्याची गोष्ट सांगू लागले की युद्धग्रंथ बिघडतो.

कुटचा वेढा : एक युद्ध, तीन उंची

हा निकष तपासण्यास महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले एक उदाहरण सोयीचे आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या सैन्यात सहावी (पूना) डिव्हिजन होती आणि तिच्या तीनही ब्रिगेडांत मराठा पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे या डिव्हिजनची आगेकूच थांबली. माघार घेत ती टायग्रिस नदीच्या वळणावरील कुट या गावी आली आणि तिथे तुर्की सैन्याने तिला वेढले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, सुमारे पाच महिने, वेढा चालला. सुटकेचे प्रयत्न मोठ्या प्राणहानीनंतर फसले. अखेर अन्न संपले आणि सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातून झालेल्या पायपिटीत आणि कैदेत त्यांतील हजारो मेली.

या वेढ्यावर सेनापती चार्ल्स टाउनशेंड याने १९२० मध्ये 'माय कॅम्पेन इन मेसोपोटेमिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हालचाली, तारा, उपलब्ध शिधा आणि वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार या दृष्टीने त्याचे मोल नाकारता येणार नाही. पण ग्रंथभर लेखक स्वतःचे वकीलपत्र घेऊन उभा आहे. भारतीय शिपाई त्याला दिसतो तो बहुधा अडचण म्हणून. शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास दिलेला नकार ही त्याच्या लेखी रसदीची समस्या आहे. त्यासाठी हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती मागवली गेली, तरीही अनेकांनी ते मांस अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत टाळले. भुकेने हात थरथरत असताना ताटातले अन्न नाकारणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, गावी परतल्यावर पंगतीत आपल्याला कोण बसू देईल याचा हिशेब तो करत असेल काय, हा प्रश्न त्या उंचीवरून उपस्थितच होत नाही. कैदेचा काळ टाउनशेंडने इस्तंबूलजवळच्या बेटावर बऱ्याच सुखात काढला. त्याचे शिपाई ज्या वाटेने गेले ती वाट त्याच्या ग्रंथात नाही, कारण ती त्याने पाहिलीच नाही. न पाहिल्याची खंतही त्यात फारशी आढळत नाही, हा अधिक गंभीर दोष होय.

आता याच वेढ्यातून आलेली दोन बंगाली पुस्तके पाहावीत. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हा तरुण बंगाल अँब्युलन्स कोअरमध्ये जखमींची शुश्रूषा करणारा साधा स्वयंसेवक होता. टेसिफॉनची लढाई, कुटचा वेढा, नंतरची पायपीट आणि रास अल-ऐन, अलेप्पो येथील कैदेतले दिवस त्याने प्रत्यक्ष भोगले. टिपणांची पाने बुटांत दडवून त्याने ती वाचवली आणि त्यांच्या आधारे लिहिलेले 'अभि ले बगदाद' हे पुस्तक १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यात लढाईचे डावपेच जवळजवळ नाहीत. स्ट्रेचर, जखमा, पाणी, तुर्की इस्पितळातले सहकारी आणि वाटेत भेटलेले आर्मेनियन निर्वासित आहेत. शत्रू म्हणून ज्याच्याकडे पाहायला शिकवले तो तुर्की शिपाईदेखील आपल्यासारखाच उपाशी आहे, हे ज्ञान सर्वाधिकारींच्या लेखनात कोणत्याही उद्घोषाशिवाय येते. आपण काय पाहिले एवढेच ते सांगतात. सेनापतीने काय करायला हवे होते यावर मत देण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत.

दुसरे पुस्तक 'कल्याण-प्रदीप' (१९२८). कुटच्या वेढ्यात सापडलेले सैन्यातील डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी १९१७ मध्ये कैदेतच मरण पावले. ऐंशीच्या घरातल्या त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी नातवाची पत्रे गुंफून त्याचे चरित्र लिहिले. रणांगण आणि घर यांच्यामधील अंतर हाच या पुस्तकाचा विषय आहे असे म्हणता येईल. पत्र लिहिणारा साम्राज्याच्या गणवेशात राहून साम्राज्याच्या लोभावर बोट ठेवतो आणि पत्र वाचणारी म्हातारी त्या पत्रांखाली आपला शोक लिहिते. टाउनशेंडचा ग्रंथ आणि ही दोन पुस्तके एकत्र ठेवली की कुट म्हणजे काय होते ते कळू लागते. एकटे कोणतेही पुस्तक पुरत नाही. अमिताव घोष आणि शांतनू दास यांनी इंग्रजीतून केलेल्या लेखनामुळे ही बंगाली पुस्तके आता अभ्यासकांच्या नजरेत आली आहेत. दास यांचा 'इंडिया, एम्पायर अँड फर्स्ट वर्ल्ड वॉर कल्चर' (२०१८) हा ग्रंथ महाविद्यालयीन ग्रंथालयाने जरूर घ्यावा. मात्र ज्या डिव्हिजनच्या नावात पुणे आहे, तिच्यातील मराठा शिपायाने वेढ्यात काय भोगले हे मराठीतून शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम इंग्रजी रेजिमेंटल इतिहासांकडे वळावे लागते. ही उणीव तपशिलाची नाही. लिहिता येणारा मध्यमवर्गीय बंगाली तरुण अँब्युलन्समध्ये होता आणि अक्षरओळख नसलेला किंवा बेताचीच असलेला मराठा शेतकरी रायफल घेऊन खंदकात होता, या सामाजिक वस्तुस्थितीचा तो परिणाम आहे.

सेनापतींचे लेखन

म्हणजे वरून लिहिलेली सर्व पुस्तके टाकाऊ असतात असे नव्हे. विल्यम स्लिम यांचा 'डिफीट इनटू व्हिक्टरी' (१९५६) हा ब्रह्मदेशातील मोहिमेचा ग्रंथ टाउनशेंडच्या नेमका उलट टोकाला आहे. १९४२ मधील माघारीचा दोष स्लिम स्वतःकडे घेतात. कोहिमावर शत्रू किती मोठ्या बळाने येईल याचा आपला अंदाज चुकला हेही ते स्पष्टपणे लिहितात. लढाईइतकीच जागा ते हिवताप, रस्ते आणि शिधा यांना देतात. १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवल्या जाणाऱ्या एका माणसामागे आजारी पडून जाणारे १२० होते, हा त्यांनी नोंदवलेला आकडा सैनिकी जीवनाविषयी अनेक पराक्रमकथांपेक्षा अधिक सांगून जातो. सेनापतीच्या उंचीवरून रुग्णांची संख्या दिसते, तापाने फणफणलेला एकटा शिपाई दिसत नाही. पण स्लिम यांना ती संख्या माणसांची आहे याचा विसर पडत नाही.

भारतीय सेनाधिकाऱ्यांच्या लेखनात ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या 'हिमालयन ब्लंडर' (१९६९) या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्य आहे. नामका चू नदीकाठच्या सातव्या ब्रिगेडचे ते प्रमुख होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी हल्ला झाला आणि २२ ऑक्टोबरला ते युद्धकैदी झाले. सुती गणवेश, तुटपुंजा दारूगोळा, विमानातून टाकलेले आणि दरीत नाहीसे झालेले सामान यांचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यातील प्रत्येक गोष्ट ब्रिगेडच्या प्रमुखाला प्रत्यक्ष दिसणारी आहे. याच दळवींनी परराष्ट्रधोरणावर लिहिलेली प्रकरणे मात्र तितकी भक्कम वाटत नाहीत. तिथे साक्षीदाराची जागा फिर्यादी घेतो. जनरल बी. एम. कौल यांच्या 'द अनटोल्ड स्टोरी' (१९६७) शेजारी ठेवून हे पुस्तक वाचावे, म्हणजे एकाच पराभवाचे दोन हुद्द्यांवरून झालेले दर्शन तुलनेसाठी उपलब्ध होते. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी उघड केला. अधिकृत कागद बंद असले की आत्मचरित्रांवर भार वाढतो आणि वाचकाला अधिक सावध राहावे लागते, ही बाब विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देण्यासारखी आहे.

खंदकातील दृष्टी

एरिक मारिया रेमार्क यांची कादंबरी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९२९) या नावाने आपल्याकडे सुपरिचित आहे. युद्धविरोधी साहित्याचा मानदंड म्हणून ती शिकवली जाते आणि १९३३ मध्ये नाझींनी ती जाळली हेही सांगितले जाते. फारसे सांगितले जात नाही ते असे की रेमार्क प्रत्यक्ष आघाडीवर १९१७ च्या उन्हाळ्यात काही आठवडेच होते. उलट अर्न्स्ट युंगर जवळजवळ संपूर्ण युद्ध लढले, अनेकदा जखमी झाले आणि त्यांचे 'स्टॉर्म ऑफ स्टील' (१९२०) हे पुस्तक युद्धाकडे उत्कट आकर्षणाने पाहते. तेच सैन्य आणि तीच आघाडी असूनही निष्कर्ष परस्परविरुद्ध निघाले. ज्याने अधिक पाहिले तोच अधिक खरा, हा भाबडा नियम इथे मोडून पडतो. युंगर यांनी आपले पुस्तक आवृत्तीगणिक बदलत नेले, यावरून अनुभव हीदेखील एकदाच घडून संपणारी गोष्ट नसते हे लक्षात येते. विद्यार्थ्याच्या हाती यांतील एकच पुस्तक देणे म्हणजे त्याच्या वतीने निवाडा करून टाकणे होय.

लढाईचा अनुभवच नसलेल्या लेखकाने काय करावे, याचे उत्तर जॉन कीगन यांच्या 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) मध्ये मिळते. सँडहर्स्टच्या सैनिकी अकादमीत भावी अधिकाऱ्यांना इतिहास शिकवणारे हे प्राध्यापक आपण कधीही लढाई पाहिलेली नाही, या कबुलीनेच ग्रंथाला आरंभ करतात. नंतर ते अजँकूर (१४१५), वॉटर्लू (१८१५) आणि सोम (१९१६) या तीन लढायांविषयी साधे प्रश्न विचारतात. घोडदळ पायदळावर आदळले म्हणजे नेमके काय झाले? जखमींना कोणी उचलले? आवाज किती होता आणि धुरात काय दिसत होते? पानिपतावरील मराठी लेखनाला हे प्रश्न कोणी विचारावेत, असे हा ग्रंथ वाचताना सारखे वाटत राहते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईचा एक महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण होता, परंतु होता शुजाउद्दौल्याच्या छावणीत, आणि त्याने लिहिले फार्सीत. आपल्या बखरींसोबत त्याचा वृत्तान्त ठेवून वाचल्यास वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

भटजी, शिपाई आणि दुभाषे

मराठीपुरते बोलायचे तर विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ युद्धग्रंथ म्हणून फार क्वचित वाचला जातो. तो १८५७ चे साधन, प्रवासवर्णन किंवा जुन्या मराठी गद्याचा नमुना म्हणून अभ्यासक्रमात येतो. वस्तुतः वेढ्यातील सामान्य माणसाविषयी भारतीय भाषांत जे मोजके उत्तम लेखन आहे त्यात त्याची गणना करावी लागेल. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवून घरची ओढगस्त दूर करावी म्हणून उत्तरेकडे निघाला आणि बंडात सापडला. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घालून शहर घेतले तेव्हा तो आत होता. सोजिरांनी घरोघर शिरून केलेली कत्तल आणि लूट, रस्त्यांवरची प्रेते, स्वतःचे लपणे आणि नागवले जाणे हे सर्व तो सांगतो. त्यात वीररस नाही आणि कोणाचा निषेधही फारसा नाही. जीव वाचवू पाहणाऱ्या भित्र्या, व्यवहारी आणि धर्मनिष्ठ माणसाची ही नजर आहे. आपण घाबरलो हे लपवावे असे त्याला वाटत नाही, हेच त्याच्या साक्षीचे बळ.

या ग्रंथातही दोन थर आहेत. दूरच्या घटना, राजेरजवाड्यांची खलबते, बंडाची कारणे हे त्याने ऐकले आणि बखरीच्या थाटात लिहिले; तिथे चुका पुष्कळ आहेत. झाशीतील दिवस त्याने पाहिले; तिथे वाक्य लहान होते आणि तपशील दाट होतो. विद्यार्थ्यांना हे दोन थर वेगळे करण्यास सांगणे हा साक्ष वाचण्याचा उत्तम पाठ ठरेल. शिवाय चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेली प्रत संपादकीय हात फिरलेली होती. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. ग्रंथालयात दुसरी नसेल तर ती मिळवावी.

संपादकाचा हात हा प्रश्न शिपायांच्या लेखनात अधिकच बिकट होतो. सीताराम या सुभेदाराच्या नावावर असलेले 'फ्रॉम सिपॉय टू सुभेदार' नॉर्गेट या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ मध्ये भाषांतर म्हणून प्रसिद्ध केले. मूळ संहिता उपलब्ध नसल्याने त्यातील आवाज शिपायाचा किती आणि साहेबाचा किती, हा वाद मिटलेला नाही. डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेल्या 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' (१९९९) या पत्रसंग्रहाची कथा याहून विलक्षण आहे. फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय शिपायांची, मुख्यतः पंजाब्यांची, ही पत्रे टिकली ती सेन्सॉरने त्यांचे इंग्रजी उतारे करून ठेवले म्हणून. मूळ पत्र बहुधा लेखनिकाकडून लिहवून घेतलेले असे, गावी ते मोठ्याने वाचले जाई आणि मधला साहेब वाचणार हेही शिपायाला ठाऊक असे. म्हणून काळी मिरी आणि लाल मिरची अशी सांकेतिक भाषा आली. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. कोणती संपत आली आहे एवढे लिहिले की गावाला अर्थ कळे. जो सेन्सॉर आवाज दाबण्यासाठी नेमला होता त्याच्याच दप्तरात तो आवाज सुरक्षित राहिला.

छावणीतील जीवन

युद्ध थोडे दिवस चालते, नोकरी वर्षानुवर्षे. तरीही छावणीतल्या आयुष्यावर, म्हणजे पगार, रजा, पेन्शन, जात आणि मुलांची शाळा यांवर, चांगली पुस्तके कमी आहेत. महाराष्ट्रात हा इतिहास युद्धकथांच्या कपाटात नाही. तो दलित चळवळीच्या साहित्यात सापडतो. महारांची सैन्यभरती १८९० च्या दशकारंभी बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास तयार केलेले विनंतीपत्र त्याविरुद्ध होते. त्यातून दिसते की गणवेश हा त्या समाजाला पराक्रमाच्या संधीबरोबरच अक्षरओळख, नियमित वेतन आणि माणूस म्हणून नोंद मिळवून देत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते, ही माहिती प्रत्येक चरित्रात येते. तिचा सैनिकी जीवनाचा इतिहास म्हणून विचार व्हायला हवा. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. भरतीस जाणाऱ्या विद्यार्थ्याला धनंजय कीरांच्या आंबेडकर चरित्रातील आरंभीची प्रकरणे या दृष्टीने वाचायला दिल्यास त्याला आपल्या निवडीचा एक वेगळाच पूर्वज भेटेल.

राहिला प्रश्न स्त्रियांचा. स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या 'द अनवुमनली फेस ऑफ वॉर' (१९८५) या ग्रंथात दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात सेवा केलेल्या शेकडो स्त्रियांच्या मुलाखतींतून उतरलेल्या साक्षी आहेत. परिचारिका, नेमबाज, वैमानिक आणि गणवेश धुणाऱ्या स्त्रियाही त्यात बोलतात. २०१५ चे नोबेल पारितोषिक लेखिकेला मिळाले. साक्षींवर लेखिकेने किती संस्कार केले याविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. पण या ग्रंथाची पद्धत आपल्या उपयोगाची आहे. टेपरेकॉर्डर घेऊन स्वयंपाकघरात बसायचे आणि बोलणारी बाई पदकांच्या गोष्टी संपवून दुसरे काही बोलू लागेपर्यंत थांबायचे.

साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी शिपाई गेले. त्यांच्या पत्नींना आलेली पत्रे, मनिऑर्डरीच्या पावत्या, पेन्शनचे कागद अजूनही काही घरांच्या ट्रंकांत असणार. मराठी आणि इतिहास विभागांनी मिळून पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून त्यांची नोंद करून घेणे अवघड नाही. छात्रसेनेतील मुलांना तर ती घरे आधीच माहीत असतात. पत्राची मूळ प्रत घरातच राहू द्यावी, छायाचित्र घ्यावे आणि पत्र ज्या बोलीत आहे त्या बोलीतच उतरवून घ्यावे. प्रमाण मराठीत सुधारून घेऊ नये, वैद्यांच्या प्रतीचा धडा याबाबतीत पुरेसा आहे.